रोज किती माल बनवायचा? सरासरीवर जाऊ नका!

पुरणपोळीच्या एका पाकिटाला खर्च ८० रुपये, विक्री १००. उरलं की वाया. पाच दिवसांची मागणी चढत्या क्रमाने लावली: २०, २२, ३०, ३८, ४५. सरासरी ३१.

रोज ३१ पाकिटं बनवली, तर १५५ पैकी १३४ खपतील. एकूण नफा १,००० रुपये. रोज २०च बनवली, तर २,०००!

असं का? विकलं तर २० मिळतात, उरलं तर ८० जातात. २० ÷ (२० + ८०) = ०.२, म्हणजे पाचांतला पहिला आकडा. खर्च २०च असता, तर ०.८, म्हणजे चौथा: ३८.

तुम्ही महिनाभर वही ठेवा. माल संपल्यावर परत गेलेलं गिऱ्हाईकही लिहा, तीही मागणीच.