बारावीची सवलत कॉलेजात चालते का?

प्रश्न : आमच्या मुलीला अध्ययन अक्षमता आहे. तोंडी विचारलं तर सगळं घडाघडा सांगते; लिहायला बसली की अक्षरांची अदलाबदल होते आणि वेळ पुरत नाही. दहावी-बारावीला तिला वाढीव वेळ मिळाला होता. आता इंजिनीअरिंगला प्रवेश झालाय. ओळखीतले सांगतात, ही सवलत बोर्डापुरतीच, पुढे कोणी विचारत नाही. तिलाही ती नकोच आहे. म्हणते, ‘मुलं म्हणतील, सवलतीवर पास झाली.’ खरं काय आहे?
– एक आई, बिबवेवाडी

उत्तर : ओळखीतल्यांचं म्हणणं मनावर घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला आणि एप्रिल 2017 पासून लागू आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांत विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय व्हावी, परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळावा, असं हा कायदा सांगतो. बारावीनंतर हे सगळं थांबतं, असं त्यात कुठेही नाही.

मग ‘कॉलेजात मिळत नाही’ हा समज एवढा पक्का का? कारण शाळेत हे काम दुसरं कोणीतरी करत असतं. वर्गशिक्षिका फॉर्म आणून देतात, मुख्याध्यापक बोर्डाकडे पाठवतात, हॉल तिकिटाबरोबर परवानगी हातात पडते. कॉलेजात अर्ज विद्यार्थ्यानेच करायचा असतो. तो कुठे द्यायचा हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, आणि कळतं तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते.

दुसरं कारण दाखल्याचं, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत तेच आधी बघा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षी मिळू शकतो, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षी आणखी एकदा. अठराव्या वर्षी मिळालेला दाखला मात्र कायमचा असतो. म्हणजे नेमकं कॉलेजात पाऊल टाकताना शाळेतला दाखला जुना ठरतो. बऱ्याच घरांत ही गोष्ट पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या आठवड्यात लक्षात येते, आणि तेव्हा धावपळ करून काही उपयोग नसतो. बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित अशा वेगवेगळ्या चाचण्या असतात, त्या एका फेरीत उरकतीलच असं नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी पुण्यात ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. बिबवेवाडीहून ससून त्यातल्या त्यात सोयीचं. पण अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या कुठे आणि कोणत्या वारी होतात, हे आधी विचारून मगच रुग्णालय निवडा.

दाखल्यावर दिव्यांगत्वाचा आकडा चाळीस टक्क्यांपेक्षा कमी आला तर सगळं संपलं, असंही समजू नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा निकाली काढला. अर्जदार डॉक्टर होता, लिहिताना त्याच्या हाताला पेटके येत. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिक नाकारायला ती पुढे करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं. टक्केवारीचा प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. बोलण्यात दोष असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला चाळीसच्या वर टक्केवारी असल्यामुळे वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवलं होतं. नुसता आकडा बघून अपात्र ठरवू नका, तो हा अभ्यासक्रम करू शकतो का ते तपासा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 च्या निकालात बजावलं. तोवर त्याचा प्रवेशही झाला होता.

आता प्रत्यक्ष मागायचं काय? वाढीव वेळ तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मागता येतो. पण तो तास कुठे मिळतो, यावर बरंच अवलंबून असतं. मोठ्या वर्गात तीन तासांची घंटा झाली की बाकं सरकतात, पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मोजायला लागतात, दारात उभी पोरं उत्तरं ताडून बघतात, आणि अशा गलबल्यात एक मुलगी कोपऱ्यात शेवटचा प्रश्न सोडवत बसते. शब्द आधीच निसटत असतात, त्यात हे. असा तास मिळून न मिळाल्यासारखाच. म्हणून अर्जात वेगळी खोली आवर्जून मागा.

इंजिनीअरिंगला वर्षभर मार्क जमा होत असतात, हेही ध्यानात असू द्या. एक तासाच्या चाचणीलाही वीस मिनिटं मागायची. जर्नल हाताने उतरवून काढण्याऐवजी टाइप करून द्यायची परवानगी, व्याख्यानाच्या स्लाइड्स आदल्या दिवशी, शुद्धलेखनाचे मार्क न कापणं, हे सगळं लेखी मागा. केंद्राच्या लेखनिकविषयक तत्त्वांत संगणकावर उत्तरं लिहिण्याचाही पर्याय आहे. ज्या मुलांचे विचार पेनाच्या टोकाशी अडकतात त्यांच्यासाठी मला लेखनिकापेक्षा हा मार्ग चांगला वाटतो. उत्तर तिचं तिनेच मांडलेलं असतं, आणि पुढे नोकरीतही ती टाइपच करणार आहे.

कॉलेज स्वायत्त असेल तर अर्ज कॉलेजच्याच परीक्षा नियंत्रकांकडे, नसेल तर कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे. एक प्रत कॉलेजातल्या समान संधी कक्षाला द्या. पोच घ्या, तोंडी ‘बघतो’वर परत येऊ नका. टाळाटाळ झालीच, तर राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे, तिथे तक्रार करता येते.

राहिली मुलीची लाज. तिच्यावर जबरदस्ती करू नका, पण एक गोष्ट तिला जरूर सांगा. वाढीव वेळात प्रश्न तेच असतात, उत्तरपत्रिका त्याच कसोटीवर तपासली जाते. थर्मोडायनॅमिक्स येत नसेल तर तासभर जास्त बसून येणार नाही. येत असेल तर ते कागदावर उतरेल, एवढाच फरक. अशी सोय नाकारणं हा कायद्याच्या व्याख्येतच भेदभाव आहे. आणि वर्गाला काही सांगायची गरज नाही. प्राध्यापकांनाही निदान सांगायला नको, काय सोय द्यायची एवढं कळलं तरी पुरे. अर्ज मात्र तिने स्वतःच्या हाताने नेऊन द्यावा, तुम्ही फार तर दारापर्यंत सोबत जा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, मार्केट यार्डाजवळ राहतो. अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हायची इच्छा आहे. कुठे नाव नोंदवू?

उत्तर : सर, इच्छेबद्दल मनापासून आभार, पण पदवी परीक्षेला तुमचं नाव बहुधा नाकारलं जाईल. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालच्या पायरीचं असावं, असा नियम आहे. त्या कामाला तुमच्या सोसायटीतली अकरावी-बारावीची मुलं लागतील. त्यांना तयार करा : प्रश्न सावकाश वाचायचा, सांगितलं तेवढंच लिहायचं, मनाने भर घालायची नाही.

तुमची स्वतःची गरज आहे ती पुस्तकांच्या कामात. अंध विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतात : मोबाइलवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए. एनव्हीडीए फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. पण नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असतील, तर संगणक त्यांतली एकेक खूण इंग्रजी अक्षर समजून वाचतो, आणि शिवाजी महाराजांच्या धड्याऐवजी निव्वळ अगम्य आवाज कानावर येतो. फोटो काढून पाठवलेली पानं तर मुकीच राहतात. इंग्रजी पुस्तकं सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात पुष्कळ मिळतात, मराठी पाठ्यपुस्तकांची खरी वानवा. 2012 च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग वाचकांना वाचता येईल अशी प्रत तयार करायला कॉपीराइट कायदा आड येत नाही.

मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजने 2003 साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र उभारलं. आयएएस अधिकारी प्रांजल पाटील याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. आपल्या पुण्यात शाळा संपल्यावर वसतिगृहाबाहेर पडणाऱ्या अंध मुलांचं उच्च शिक्षण हेच काम मानून मीरा बडवे यांनी 1996 मध्ये ‘निवांत अंध मुक्त विकासालय’ सुरू केलं. आधी तिथे जाऊन मुलांना कोणती पुस्तकं हवीत ते विचारा. मग स्कॅन केलेल्या पानांचा युनिकोड मजकूर मूळ पुस्तकाशी ताडून बघायचं काम घ्या. जोडाक्षरं, रफार, आकडे इथे यंत्र हमखास चुकतं, आणि शिक्षकाची नजर तिथेच लागते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. वर्ग भरायला लागल्यावर काम हातात घेतलं, तर पुस्तक तयार होईपर्यंत पहिलं सत्र संपलेलं असेल.