घंटा का वाजवायची?



पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेली मुले हौसेने वेदीसेवक होतात आणि आठवी-नववीत दिसेनाशी होतात. सारा दोष क्लासला देऊ नये. घंटा केव्हा वाजवायची हे आपण शिकवतो. का, ते राहून जाते. द्राक्षारसात धर्मगुरू पाण्याचा थेंब का मिसळतात? ख्रिस्त आपल्या मानवपणात सहभागी झाला, आपण त्याच्या देवपणात सहभागी व्हावे म्हणून. हे उमगलेला मुलगा पाणी वेगळ्याच भावनेने पुढे करतो. (हात थरथरला तर वेदीवरून डोळे वटारू नयेत, धर्मगुरूंनीसुद्धा!)

मोठ्या वेदीसेवकांनी आता धाकट्यांना शिकवावे. मुलींनीही यावे, १९९४ साली रोमने ती वाट मोकळी केली आहे. पालकांनो, मिस्सेनंतर घरी मुलांना एखादा ‘का’ जरूर विचारा.