पिठी लवकर का निवत नाही?

हिवाळा सुरू झाला की आमच्या कोकणातल्या घरी रात्रीच्या जेवणाला कुळथाचा एखादा ऊन ऊन पदार्थ ठरलेलाच. कधी कुळीथ शिजवून वरचे पाणी गाळून घ्यायचे आणि त्याला लसणीची फोडणी द्यायची. हे झाले कढण. कधी भाजलेल्या कुळथाच्या पिठाची, आमसूल घातलेली दाट पिठी. घाटावर याच कडधान्याला हुलगा म्हणतात व तेथे त्याचे माडगे करतात. कुळथात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. पण आज आपण पाहणार आहोत ती पिठीतली उष्णता.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री घरात दोन्ही पदार्थ होते. दोन्ही पातेली उकळी आल्यावर एकदमच चुलीवरून उतरवली होती. माझी नववीतली मुलगी कढण घेऊन बसली, धाकट्याने पिठी घेतली. थोड्या वेळाने मुलीचे कढण कोमट झाले. ते पाहून धाकट्याने पिठीचा मोठा चमचा तोंडात घातला आणि त्याची जीभ अशी पोळली की तो रडतच उठला. “बाबा, दोन्ही एकदम उतरवली होती ना? मग असे कसे?” मुलीने विचारले.

भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने घरात गप्प बसणे अवघड असते. मी घाईघाईने सांगून टाकले, “पिठीची विशिष्ट उष्णता जास्त, म्हणून.” मुलीने ते वहीत लिहूनही घेतले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र माझ्या लक्षात आले, की हे साफ चूक आहे. पिठीत बहुतेक भाग पाणीच असते आणि उरलेल्या पिठाची विशिष्ट उष्णता पाण्याहून बरीच कमी असते. म्हणजे सारख्या वजनाच्या कढणापेक्षा पिठीत उष्णतेचा साठा किंचित कमीच असणार! सकाळी मुलीला वहीतली ती ओळ खोडायला लावली.

मग खरे कारण कोणते? वाटीतले कढण निवते कसे, ते आधी पाहू. हवेला लागून असलेला वरचा थर प्रथम थंड होतो. थंड झालेले पाणी जड होते, खाली जाते आणि त्याच्या जागी खालचे गरम पाणी वर येते. हे अभिसरण सारखे चालू राहते. त्यामुळे पृष्ठभाग सतत गरम राहतो, त्यावरून वाफही सतत उडत राहते, आणि प्रत्येक ग्रॅम वाफ आपल्याबरोबर सुमारे ५४० कॅलरी उष्णता घेऊन जाते. म्हणून सगळी वाटी झपाट्याने निवते.

पिठीत हे चक्रच बंद पडते. पिठातले स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात आणि द्रव दाट होतो. वरचा थर थंड झाला तरी त्याला खाली सरकता येत नाही. तो तिथेच राहतो, त्यावर साय धरते. आता आतली उष्णता बाहेर यायची, तर तिला केवळ वहनानेच, कणाकणाने यावे लागते. आणि पाणी हा उष्णतेचा फारच मंद वाहक आहे. तांबे त्याच्या सहाशेहून अधिक पट चांगले वाहक आहे. शिवाय पृष्ठभाग थंड असल्यामुळे त्यावरून हवेत जाणारी उष्णताही कमी होते आणि वाफही कमी निघते. बोट लावून पाहणाऱ्याला पिठी निवालेली वाटते आणि आत मात्र ती तशीच कढत असते.

आमच्या धाकट्याला या बाबतीत एक थोर सोबती आहे. काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) या शास्त्रज्ञाने असेच दाट भाताचे सूप निवायला ठेवले होते. वरचा पहिला चमचा गार लागला, म्हणून त्याने दुसरा खोलातून घेतला आणि तोंड पोळून घेतले! त्याने पुढे त्याचा पिच्छा पुरवला. साध्या पाण्यात, स्टार्च मिसळलेल्या पाण्यात आणि पक्ष्यांची मऊ पिसे घातलेल्या पाण्यात उष्णता किती वेगाने पसरते, ते त्याने मोजले. पिसे आणि स्टार्च या दोहोंनीही तिचा वेग घटला. याच रम्फर्डने म्युनिक शहरातल्या गरिबांसाठी जव, वाटाणे, बटाटे यांचे स्वस्त सूप तयार केले होते. मात्र पाणी उष्णतेचे वहन मुळीच करीत नाही, असा टोकाचा निष्कर्ष त्याने काढला. तो चुकला. सुपातले पाणीच अन्न बनते, हा त्याचा समजही चुकीचा होता. हे वाचून मला माझ्या चुकीबद्दल जरा बरे वाटले, हे कबूल करतो.

हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. तीन सारखे स्टीलचे पेले घ्या. एकात गरम पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची तांदळाच्या पिठाची दाट पेज, तिसऱ्यात गरम पाण्यात सैलसर सोडलेला कापूस. तिन्हींचे सुरुवातीचे तापमान सारखे हवे. प्रत्येकाच्या मध्यभागी तापमापक धरून दर पाच मिनिटांनी नोंद करा व आलेख काढा. कापसाच्या पेल्याचा आलेख कोणाच्या जवळ जातो, ते मुद्दाम पाहा. कापूस काही शिजून दाट होत नाही! तापमापक प्रयोगशाळेतला घ्यावा. ताप मोजण्याचा घेतलात तर तो फुटेल. गरम भांडी हाताळताना मोठे माणूस जवळ असू द्या.

चुलीवर हीच गोष्ट उलट बाजूने त्रास देते. बुडाची उष्णता वर जात नाही, तिथले पाणी आटते, तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर चढते आणि पिठी खाली लागते. तळाशी झालेली वाफही सहज वर येऊ शकत नाही. ती साठते आणि एकदम फुटून हातावर शिंतोडे उडवते. सारखे ढवळत राहणे म्हणजे बंद पडलेले अभिसरण डावाने चालू ठेवणे. पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतात, त्यालाही कारण आहे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले, तर गोळ्याचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळी कोरडीच राहते.

त्या रात्री आमच्या आईने काही न बोलता नातवाची वाटी उचलली, पिठी ताटात पसरून दिली आणि म्हणाली, “मधे नाही हात घालायचा रे, कडेकडेने खायची.” पसरल्यामुळे थर पातळ झाला, पृष्ठभाग वाढला आणि उष्णतेला बाहेर पडायला लागणारे अंतर कमी झाले. दोनचार मिनिटांत तो जेवू लागला. मुलीने मात्र आजीला आणखी एक प्रश्न विचारला: कढणावर तुपाचा तवंग असला, तर ते जास्त वेळ ऊन का राहते? वाफेबद्दल वर जे सांगितले आहे, त्यावरून याचे उत्तर तुम्हीच काढा.