पाचच मिनिटं

कराडला माझा दातांचा दवाखाना आहे. खुर्ची एकच. काउंटरवर एक ताई, आत एक असिस्टंट. बाकावर ताटकळून चिडलेले पेशंट मी वर्षानुवर्षं पाहत आले आणि 'लोकांना धीरच राहिला नाही' म्हणून सोडून देत आले. मग एका शनिवारी ते अंगाशी आलं. तो शनिवार सांगते, कारण त्या दिवशीच्या बहुतेक चुका माझ्याच होत्या.

साडेदहाला कॉलेजातली एक मुलगी होती, खालच्या दाढेचं रूट कॅनाल. ठणक्यानं रात्रभर झोपली नव्हती. अकराला ढेबेवाडीकडून एसटीनं येणारे एक आबा, सत्तरीचे, डायबेटिसवाले. हलणारी दाढ काढायची होती. मुलीला भूल दिली, ओठ जड झाला, पण ड्रिल लागताच ती कळवळून उठली. आतली नस फार सुजलेली असली की भूल ओठाला चढते, दाढेला चढत नाही. हे आम्ही कॉलेजात शिकतो, पुढे कितीदा तरी बघतो. तरीही डायरीत मी तिला अर्धाच तास लिहिला होता. म्हणजे उशीर शनिवारी झालाच नाही, तो आदल्या आठवड्यात डायरीत लिहूनच ठेवला होता. पुन्हा भूल, मग थेट नसेत इंजेक्शन, त्यात मागच्या मुळात जादा कॅनाल निघाला. ११:४० झाले.

बाहेर आबांनी तीनदा विचारलं. ताईंनी तिन्ही वेळा सांगितलं, "पाचच मिनिटं." त्यांना बोल लावत नाही, हे उत्तर मीच शिकवलं होतं.

आणि मग मी ते केलं जे करायला नको होतं. ओळखीच्या एक बाई लग्नाला निघाल्या होत्या, त्यांची पुढची कॅप निघाली होती. 'दोन मिनिटांचं तर काम' म्हणून त्यांना मध्ये घेतलं. जुनं सिमेंट खरवडा, कॅप बसवा, चावा बघा, उरलेलं सिमेंट काढा, यात पंधरा मिनिटं गेली. पैठणी नेसलेल्या त्या बाई आबांच्या गुडघ्यांना घासून आत आल्या होत्या.

दार ढकलून आबांचा मुलगा आत आला. "मॅडम, आमची येळ काय फुकटची हाय व्हय? म्हाताऱ्याला अकराचा टाइम दिला आन् मागनं आलेली बाई आत?" हातात ग्लोव्ह्ज, तोंडावर मास्क, अशीच मी म्हणाले, "आधी शांत व्हा. आम्ही इथं झोपा काढत नाही." शांत व्हा, या दोन शब्दांनी शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याचा आवाज चढला, माझाही चढला. काउंटरमागे २०१० च्या कायद्याचा बोर्ड होता: डॉक्टरवर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. मी त्याकडे बोट दाखवलं. आज आठवलं तरी लाज वाटते. बिचारा नुसता बोलत होता.

भांडण थांबलं ते असिस्टंटच्या हाकेनं. "मॅडम, आबांना घाम फुटलाय." गडी बाकावर मान टाकून बसला होता, हात थरथरत होते, धोतराचा सोगा घट्ट मुठीत. बोटाला सुई लावून साखर बघितली तर ५८. पहाटे भाकरी खाऊन, गोळी घेऊन निघाले होते, ती गोळी ग्लिमेपिराइडची. ती साखर फार खाली आणू शकते. पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, मग पोहे मागवले. दाढ त्या दिवशी काढली नाही. मुलगा एक शब्द बोलला नाही, आणि ते त्याच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं.

तेव्हापासून आमच्याकडे जे बदललं, ते नव्यानं दवाखाना थाटणाऱ्यांसाठी सांगते.

ठणकणारी दाढ असेल तर पूर्ण तास लिहायचा आणि नंतरची पंधरा मिनिटं कोरी ठेवायची. ती वाया जात नाहीत, खात्री बाळगा. डायबेटिसवाल्यांना सकाळचा पहिला नंबर. आल्या आल्या ताई विचारतात, "काय खाल्लंय, कधी खाल्लंय, गोळी घेतलीय का?" बाहेरगावच्या पेशंटची परतीची गाडी किती वाजता आहे, तेही डायरीत असतं.

उशीर होणार असं कळलं की मी स्वतः बाहेर जाते. काम अर्धवट टाकून कसं जायचं, असं विचाराल. भूल चढायची वाट बघताना हातात मिळतात ती पाच मिनिटं खरी. ती बाकावर घालवायची. ग्लोव्ह्ज उतरवून, मास्क खाली करून, उभ्यानं नाही, शेजारी बसून. "माझा अंदाज चुकला. अजून अर्धा तास लागेल." वीस मिनिटं वाटत असतील तर तीस सांगायची. मग त्यांना ठरवू द्यायचं: बसता, की बाजारातलं काम उरकून येता? नंबर जाणार नाही, ताई फोन करतील. की सोमवारी पहिला नंबर देऊ? आतल्या केसचं पुराण लावायचं नाही. दुसऱ्याच्या दाढेच्या मुळाशी कुणाला काय देणंघेणं?

कुणाला मध्ये घ्यायचंच असेल तर सगळ्यांसमोर, कारण सांगून, ज्याचा नंबर आहे त्याला विचारून. मध्यंतरी पडून पुढचा दात मुळासकट निघालेलं एक पोरगं आलं, दात दुधाच्या पेल्यात. असा दात तासाभरात परत बसवला तर जगण्याची आशा. हे बाहेर सांगितलं, तर नंबरवाल्या काकूंनीच त्याच्या आईला आत ढकललं. कॅपसाठी मात्र मी आता कुणाला विचारतही नाही, कारण लाजच वाटेल.

आणखी एक. आपल्याला तो आवाज ऐकूच येत नाही इतका सवयीचा झालेला असतो, पण बाकावरचा माणूस तासभर आतल्या ड्रिलची किरकिर ऐकत, लवंगतेलाचा वास घेत बसलेला असतो. त्याच्या रागात निम्मी भीती असते. म्हणून चिडलेल्या पेशंटला भरपाई म्हणून लगबगीनं खुर्चीत घेऊ नका. पाणी द्या, बीपी बघा, तुमचाही हात स्थिर होऊ द्या. खरोखरच अंगावर येणारे असतातही. कायदा त्यांच्यासाठी आहे. माझ्या अनुभवात ते फार थोडे.

सोमवारी मी आबांच्या घरी फोन केला. माफी मागितली, म्हटलं, येऊन जा, पैसे नकोत. मुलगा म्हणाला, "काढली दाढ पाटणला. बरं हायत आबा." आणि फोन ठेवला. आबांचं कार्ड अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. ते परत आले नाहीत.