वारा आणि कोळसा



साताऱ्याहून सज्जनगड व ठोसेघर मागें टाकून चाळकेवाडीच्या पठारावर गेलें म्हणजे उंच खांबांवर संथपणें फिरणारीं तीन-तीन पातीं दृष्टीस पडतात. पाटण तालुक्यांतील वनकुसवडें, सांगली जिल्ह्यांतील गुढे-पाचगणी आणि ढालगांव येथेंही हाच देखावा आहे. तो पाहून आलेल्या मुलांनीं आम्हांस दोन प्रश्न विचारले. वाऱ्यापासून वीज होते, तर कोळसा कां जाळावा? आणि ह्या पवनचक्क्या पावसाचे ढग पळवितात, हें खरें काय? दोहोंचा क्रमानें विचार करूं.

कोळशाच्या वीजघरांत कोळसा जाळून वाफ करितात. वाफ चक्रास व चक्र जनित्रास फिरवितें. पवनचक्कींत अग्नि नाहीं, वाफ नाहीं. तेथें वारा स्वतःच पातीं फिरवितो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची शक्ति दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणूनच उंच व उघडीं पठारें निवडतात. तथापि सर्व शक्ति हातीं येत नाहीं. ती सर्व काढून घेतली, तर वारा पात्यांमागें थबकेल व नव्या वाऱ्यास वाटच राहणार नाहीं. शंभरांतील सुमारें ५९ भागांहून अधिक मिळविणें अशक्य, असें जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनीं गणितानें दाखविलें.

ही कल्पना नवी नाहीं. स्कॉटलंडांत जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनीं १८८७ सालीं वाऱ्याच्या विजेवर दिवे लाविले. डेन्मार्कांत पौल ला कूर या शिक्षकांनीं १८९१ सालीं आपल्या शाळेंतच असे प्रयोग आरंभिले. परंतु कोळसा स्वस्त व हुकमी असल्यानें राज्य त्याचेंच झालें. लंडन शहरीं १८८२ सालीं कोळशाचें वीजघर सुरू झालें. आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं ब्रिटननें आपलें शेवटचें असें वीजघर बंद केलें. धूर, राख आणि पृथ्वीची वाढती उष्णता, ही कोळशाची खरी किंमत जगास उशिरां कळली.

मग आपण तसें कां करीत नाहीं? सह्याद्रीवर वारा जून ते सप्टेंबर भरांत असतो. पुढें तो मंदावतो. गरज मात्र बारमाही. यास्तव चंद्रपूर व कोराडी येथील भट्ट्या अद्याप धगधगत आहेत आणि देशाची निम्म्याहून अधिक वीज कोळशाचीच आहे. वारा, ऊन व कोयनेचें पाणी यांनीं एकमेकांची उणीव भरून काढिली, वीज सांठविण्याची सोय वाढली, तरच कोळशाचा भार हलका होईल.

आतां ढगांचा प्रश्न. १९७२ सालीं महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ पडला, तेव्हां ह्या पठारांवर एकही पवनचक्की नव्हती. अरबी समुद्रावरील ओला वारा सह्याद्री चढतांना बहुतेक पाणी पश्चिमेस टाकितो. म्हणून जत, आटपाडी व कवठे महांकाळ हे तालुके पर्जन्यछायेंत राहतात. ओल्या वाऱ्याचा प्रवाह कित्येक हजार फूट जाड असतो. पातीं त्याच्या तळास जेमतेम पोहोंचतात. तेव्हां पाऊस त्यांनीं चोरला, असें म्हणतां येत नाहीं.

परंतु असें म्हणणाऱ्या शेतकऱ्यास हंसणें हें शास्त्र नव्हे. ज्याचें पीक वाळलें आहे, त्यास माथ्यावरून दूर जाणाऱ्या विजेच्या तारा दिसतात. जमिनीचा योग्य मोबदला मिळाला काय, गांवास कांहीं वांटा मिळाला काय, हे त्याचे प्रश्न पावसाचे नसून न्यायाचे आहेत; त्यांस उत्तर दिलेंच पाहिजे.

मुलांनो, येत्या सुटींत महिनाभर रोज सकाळ-सायंकाळ वाऱ्याची दिशा व जोर वहींत लिहा. घरच्या वडील मंडळींस जुन्या दुष्काळांविषयीं विचारा. तुमच्या नोंदी व त्यांच्या आठवणी एकत्र ठेविल्या, तर ऐकीव गोष्ट आणि पारखलेली गोष्ट यांतील अंतर तुम्हांस आपोआप उमगेल.