घटक ४ : नेतृत्वासाठी आत्मभान आणि व्यवहार-कौशल्ये

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• आत्मभान ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• जोहरी खिडकीच्या आधारे स्वतःच्या वर्तनाची तपासणी करता येईल.
• नेतृत्व आणि पद यांतील फरक सोदाहरण सांगता येईल.
• बैठक चालवणे, प्रत्याभरण घेणे आणि जबाबदारी सोपवणे या कौशल्यांचा वापर करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण नेतृत्वाचे प्रकार पाहिले. या घटकात आपण नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीकडे, म्हणजेच स्वतःकडे वळणार आहोत. आपल्यापैकी कोणी बचत गटाच्या अध्यक्ष असतील, कोणी ग्रामपंचायतीचे सदस्य, कोणी कारखान्यात पाळीप्रमुख, तर कोणी घरातील थोरले भावंड म्हणून निर्णयाचा भार वाहत असतील. नेतृत्व हा विषय आपल्याला परका नाही. मात्र रोज करत असलेल्या कामाकडे थोडे अंतर ठेवून पाहण्याची संधी क्वचित मिळते. ती या घटकात घ्यायची आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ आत्मभान म्हणजे काय?

आपले विचार, भावना, क्षमता व मर्यादा यांची आणि आपल्या वर्तनाचा इतरांवर होणाऱ्या परिणामाची यथार्थ जाणीव म्हणजे आत्मभान होय. या व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिला भाग आत्मपरीक्षणाने साधतो. दुसरा भाग मात्र एकट्याने बसून साधत नाही. कारण आपल्या वर्तनाचा परिणाम ज्यांच्यावर होतो, त्याची माहिती त्यांच्याचपाशी असते. चेहरा पाहण्यासाठी जसा आरसा लागतो, तसे वर्तन पाहण्यासाठी सहकारी लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका बचत गटात बारा सदस्या आहेत. अध्यक्ष प्रामाणिक आणि कष्टाळू असून हिशेबाची वही नेहमी पूर्ण असते. ‘आमच्या गटात सर्व निर्णय एकमताने होतात,’ असे त्या अभिमानाने सांगतात. प्रत्यक्षात प्रत्येक बैठकीत त्या प्रथम स्वतःचे मत सांगतात आणि मग ‘कोणाची काही हरकत?’ असे विचारतात. हरकत कोणीच घेत नाही. एका सदस्येला मुलाच्या आजारपणासाठी तातडीने कर्ज हवे असते. परंतु ‘या महिन्यात शेळीपालनासाठीच कर्ज द्यावे’ असे ताईंनी आधीच म्हटलेले असल्याने ती गप्प राहते आणि दुसऱ्या दिवशी सावकाराचे दार ठोठावते. ज्या संकटापासून वाचवण्यासाठी गट स्थापन झाला, त्याच संकटात ती गटाची सदस्य असूनही सापडते. अध्यक्षांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी मौनाला संमती मानले, एवढेच.

४.२.२ जोहरी खिडकी

अशा प्रसंगांचा उलगडा करण्यासाठी जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेले प्रतिमान उपयुक्त ठरते. दोघांच्या नावांतील आद्याक्षरे जोडून त्यास ‘जोहरी खिडकी’ असे नाव मिळाले. या खिडकीला चार कप्पे आहेत.

(अ) खुला कप्पा : जे आपल्याला माहीत आहे आणि इतरांनाही माहीत आहे.
(ब) अंध कप्पा : जे इतरांना दिसते, पण आपल्याला दिसत नाही.
(क) गुप्त कप्पा : जे आपल्याला माहीत आहे, पण आपण इतरांपासून राखून ठेवतो.
(ड) अज्ञात कप्पा : जे आपल्यालाही माहीत नाही आणि इतरांनाही नाही.

वरील उदाहरणात अध्यक्षांची प्रामाणिकता खुल्या कप्प्यात आहे, तर आधी मत सांगून इतरांची वाट बंद करण्याची त्यांची सवय अंध कप्प्यात आहे. कर्जाची गरज त्या सदस्येच्या गुप्त कप्प्यात राहिली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी : एकाचा अंध कप्पा मोठा असेल, तर दुसऱ्याचा गुप्त कप्पाही मोठा होतो. ज्याच्या हाती कर्ज, काम किंवा बढती देण्याचा अधिकार असतो, त्याला अप्रिय गोष्ट सांगण्यास लोक कचरतात. म्हणून पद मिळाल्यावर आत्मभान आपोआप वाढत नाही, उलट ते मुद्दाम जपावे लागते.

खुला कप्पा दोन मार्गांनी वाढतो : इतरांचे प्रत्याभरण स्वीकारल्याने आणि स्वतःविषयी योग्य तेवढे मोकळेपणाने सांगितल्याने. ‘हिशेब मला जमतो, पण बँकेत बोलताना मी गोंधळते,’ असे अध्यक्षांनी सांगितले, तर ज्या सदस्येला ते जमते, ती पुढे येऊ शकते.

४.२.३ एक उदाहरण : प्रवरानगर

स्वतःच्या क्षमतेला दुसऱ्याच्या क्षमतेची जोड देणे हे नेतृत्वाचे लक्षण आहे. महाराष्ट्राच्या सहकार चळवळीत याचे ठळक उदाहरण आढळते. तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथील शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखान्यासाठी परिसरातील शेतकऱ्यांना संघटित केले आणि भागभांडवल उभे केले. गावोगावच्या शेतकऱ्यांचा विश्वास हे त्यांचे बळ होते. तरीही कारखान्याचे पहिले अध्यक्ष ते स्वतः झाले नाहीत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद सांभाळले आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला.

या मांडणीतून काय शिकता येते? शेतकऱ्यांना एकत्र आणणे हे एक काम आहे. वित्तपुरवठा, शासनव्यवहार आणि संस्थेची आर्थिक शिस्त सांभाळणे हे दुसरे. दोन्ही कामे एकाच व्यक्तीला सारखीच साधतील असे नाही. उपाध्यक्ष राहूनही विठ्ठलरावांचे नेतृत्व उणे झाले नाही. पद आणि नेतृत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

४.२.४ व्यवहार-कौशल्ये

आत्मभान कृतीत उतरले नाही, तर ते केवळ चिंतन ठरते. पुढील तीन कौशल्ये सरावाने अंगी बाणवता येतात.

(१) बैठकीत शेवटी बोलणे : विषय मांडून झाल्यावर प्रत्येक सदस्याला क्रमाने बोलू द्यावे आणि स्वतःचे मत शेवटी सांगावे. ‘हरकत आहे का?’ याऐवजी ‘या निर्णयाने कोणाची अडचण होईल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारा विरोधक ठरतो, तर दुसऱ्याला उत्तर देणारा मदतनीस. तातडीची खासगी गरज सर्वांसमोर सांगणे अवघड असते. त्यासाठी बैठकीपूर्वी वेगळे विचारण्याची पद्धत ठेवावी.

(२) प्रत्याभरण घेणे व देणे : ‘माझे काम कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. ‘मागील बैठकीत मी कोणती एक गोष्ट वेगळी करायला हवी होती?’ असा नेमका प्रश्न विचारावा. उत्तर ऐकताना समर्थन करू नये. टिपून घ्यावे आणि आभार मानावेत. प्रत्याभरण देताना स्वभावावर नव्हे, तर घटनेवर बोलावे. ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ यापेक्षा ‘मंगळवारी वही न मिळाल्याने बँकेतील काम राहिले’ हे वाक्य सुधारणेला वाव देते.

(३) जबाबदारी सोपवणे : काम सांगणे आणि जबाबदारी सोपवणे यांत फरक आहे. जबाबदारी सोपवताना अपेक्षित परिणाम, मुदत, निर्णयाचा अधिकार आणि अडचणीत कोणाकडे जावे, या चार बाबी स्पष्ट कराव्यात. काम आपल्या पद्धतीने झाले नाही, तरी परिणाम योग्य असेल तर ते मान्य करण्याची तयारी ठेवावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. इतरांना दिसणारे, पण स्वतःला न दिसणारे वर्तन जोहरी खिडकीच्या कोणत्या कप्प्यात येते?
२. खुला कप्पा वाढवण्याचे दोन मार्ग कोणते?
३. बैठकीत प्रमुखाने आपले मत शेवटी का सांगावे?

४.३ सारांश

आत्मभानात स्वतःविषयीच्या जाणिवेबरोबर इतरांवरील परिणामाची जाणीवही अंतर्भूत असते. ही दुसरी जाणीव सहकाऱ्यांकडूनच मिळते. अधिकारामुळे लोकांचे बोलणे थांबू शकते, म्हणून बोलण्यास वाव देणाऱ्या पद्धती नेत्याने जाणीवपूर्वक निर्माण कराव्या लागतात. आपली मर्यादा ओळखून दुसऱ्याच्या क्षमतेला स्थान देणे, हे नेतृत्वाच्या परिपक्वतेचे लक्षण होय.

४.४ पारिभाषिक शब्द

प्रत्याभरण : एखाद्याच्या वर्तनाविषयी वा कामाविषयी त्याला मिळणारी इतरांची प्रतिक्रिया.
प्रतिमान : एखादी संकल्पना समजण्यासाठी केलेली सुटसुटीत रचना.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अंध कप्पा.
२. इतरांचे प्रत्याभरण स्वीकारणे आणि स्वतःविषयी मोकळेपणाने सांगणे.
३. प्रमुखाचे मत आधी कळल्यास इतर सदस्य आपले मत वा अडचण सांगण्यास कचरतात.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गटाच्या, कार्यालयाच्या किंवा कुटुंबाच्या पुढील तीन बैठकींत कोण किती वेळा बोलले याची नोंद ठेवा. जी व्यक्ती एकदाही बोलली नाही, तिच्याशी स्वतंत्रपणे बोला. तिला काय सांगायचे होते आणि ते का सांगता आले नाही, हे तिच्या संमतीने, नाव न लिहिता, आपल्या कार्यवहीत दोनशे शब्दांत नोंदवा.