वाल्टर टल

युसूफ वडगांवासारख्या गांवांतील शिक्षकबंधूंनीं हा वृत्तांत मुलांस वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

वाल्टर टल १८८८ सालीं इंग्लंडांत फोकस्टन येथें जन्मला. बाप बार्बाडोस बेटांतला काळा सुतार, आई इंग्रज. दोघेंहि लवकर वारलीं. लंडनच्या मेथडिस्ट अनाथाश्रमानें त्यास वाढविलें. १९०९ सालीं टॉटनहॅमच्या फुटबॉल संघानें त्यास पगारावर घेतलें. त्याच वर्षीं ब्रिस्टल येथें प्रेक्षकांनीं त्याच्या रंगावरून त्यास शिव्या दिल्या. तो खेळत राहिला. संघानें मात्र त्यास हळूहळू मागें सारिलें, व १९११ सालीं तो नॉर्थॅम्प्टनकडे गेला. येथें आम्हांस आपले पालवणकर बाळू आठवतात. पुण्याच्या हिंदु संघासाठीं चेंडू त्यांनीं टाकावा, पण चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांत प्यावा!

महायुद्धांत टल खेळाडूंच्या पलटणींत भरती झाला. गोऱ्या वंशाचा नसलेल्यास अंमलदार करूं नये, असा लष्करी नियम असतांहि १९१७ सालीं तो सेकंड लेफ्टनंट झाला. इटालींत त्यानें आपली तुकडी नदीपार नेली व एकहि माणूस न गमावतां परत आणिली. २५ मार्च १९१८ रोजीं तो फ्रान्सांत पडला. शिपायांनीं गोळीबारांत त्याचें शरीर आणण्याची खटपट केली, पण तें आणतां आलें नाहीं. आरासच्या स्मारकावर त्याचें नांव आहे.